जिभेवाल्या मॅडम

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या दुकानातली फरशी चाटत होत्या.

दोन हजार एक-दोन साल असेल. उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या टाइल्स-मार्बलच्या दुकानात मी सेल्समन होतो. राहायला बदलापूर गावात, त्यामुळे शेठ मला नावाने कधी हाक मारायचा नाही, ‘ए बदलापूर’ म्हणायचा. फरशी विकत घेताना गिऱ्हाईक काय काय करतं ते मी पाहिलं होतं. टिचक्या मारून आवाज ऐकतात, किल्लीने ओरखडे काढतात, एका काकांनी तर चप्पल काढून लादीवर उडी मारून दाखवली होती. पण ही पन्नाशीची बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात दोरीचा चष्मा, जैसलमेरच्या पिवळ्या लादीपुढे वाकली, इकडेतिकडे पाहिलं आणि जिभेचं टोक लादीला लावलं. मी हातातलं कॅटलॉग पाडलं.

शेठला जाऊन सांगितलं. शेठने गल्ल्यावरून मान वर करून पाहिलं. “साईं, मॅडम को पानी पिला. उपवास होगा.”

मी ग्लास नेला. बाईंनी अर्धा प्यायला आणि उरलेलं पाणी लादीवर ओतलं. “बरं झालं आणलंत. आता तुम्हालाही दिसेल.” पर्समधून भिंग काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. कोरडी असताना मुकाट पिवळी दिसणारी लादी ओली झाल्यावर शिंपल्यांनी गजबजली होती, आणि दोन शिंपल्यांच्या मध्ये नखाएवढी एक जाळी होती. चाळणीसारखी, बारीक बारीक भोकांची.

आम्हा सेल्समन लोकांना भोक दिसलं की एकच सुचतं. मी म्हणालो, “मॅडम, डिफेक्टिव्ह पीस आहे. आत प्लेन माल आहे, तो दाखवतो.”

“प्लेन घेऊन मी काय करू?” त्या म्हणाल्या, आणि कोपरा फुटलेला, आम्ही टाकून देणार होतो तो तुकडा छातीशी धरून रिक्षात बसल्या. त्या दिवसापासून दुकानात त्यांचं नाव पडलं, जिभेवाल्या मॅडम.

मॅडम एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. वडील अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते, घरातली शिकलेली पहिली मुलगी हीच. लग्न केलं नव्हतं. बदलापुरात नदीच्या बाजूला तळमजल्यावर फ्लॅट होता आणि त्या फ्लॅटमध्ये माणसापेक्षा दगड जास्त होते. मी एकाच स्टेशनात उतरणारा म्हणून त्यांचे तुकडे पोचवायचं काम माझ्याकडे आलं, आणि चहाच्या निमित्ताने मी तिथे रुळलो. एकदा विचारलं, “मॅडम, पाण्याची बाटली ठेवत जा ना बरोबर. जीभ कशाला?”

“बाटली घरी विसरते मी. जीभ अजून विसरले नाही.”

ती जाळी म्हणजे ब्रायोझोआ. हा शब्द नीट म्हणायला मला एक पावसाळा लागला. समुद्रात, दगडांवर, शिंपल्यांवर वस्ती करून राहणारे बारीक जीव. एकेकटा डोळ्याला दिसणार नाही, पण हजारोंनी मिळून चुन्याची जाळी, फांदी, नाहीतर पोळीएवढी चकती बांधतात. दुकानात एकदा शेठने विचारलं तेव्हा मॅडमनी त्याला समजेल असं सांगितलं. “फाळणीनंतर तुमच्या लोकांना मिळालेली कॅम्पातली बॅरक बघा. एका खोलीत एक जीव, भिंत सामाईक. खोलीला एक दार, दारातून मिशांचा झुपका बाहेर काढायचा, पाण्यातून येईल ते खायचं. एकाने खाल्लं की थोडं शेजाऱ्याला पोचतं. काही जातींत तर एखाद्या खोलीतला जीव जेवतच नाही. त्याला नुसती चोच असते, त्याने राखण करायची, त्याला बाकीचे जेवू घालतात.”

शेठ विचारात पडला. “और भाडा कौन लेता है?”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा पाणी द्यावं लागलं.

पण ह्या बिऱ्हाडांचं एक दुखणं होतं, आणि ते मॅडमनी स्वतःला लावून घेतलं होतं. पन्नास-एक कोटी वर्षांपूर्वीच्या कॅम्ब्रियन नावाच्या काळाची त्या वर्गातल्यासारखी हजेरी घ्यायच्या. “शिंपलेवाले? हजर. सांध्यांच्या पायांचे, खेकडे-विंचवांचे पूर्वज? हजर. काटेरी कातडीचे? हजर. आपले, पाठीच्या कण्यावाल्यांचे लांबचे नातेवाईक? तेसुद्धा हजर. ब्रायोझोआ?” इथे त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहायच्या, जणू मीच दांडी मारली आहे. “गैरहजर.” मग त्याच्या पुढचा काळ उघडला की एकदम गर्दी. जाळीवाले, फांदीवाले, गोळेवाले, सगळे पक्क्या भिंती बांधून बसलेले. निदान त्या वर्षांत तरी ह्याआधीचा, वाद नाही असा एक तुकडा जगात कुणाला सापडला नव्हता.

“एका दिवसात बॅरकी उभ्या राहतात का?” त्या म्हणायच्या. “आधी कुठेतरी राहत असतीलच ना?”

शेठ हिशेबातून मान न काढता म्हणाला, “टेंट में होंगे. हमारे लोग भी बॅरक मिलने से पहले टेंट में थे, मॅडम. टेंट का क्या निशान रहता है? खूंटी निकाली, खतम.”

मॅडम खुर्चीतून उठल्याच. त्यांच्या मनात नेमकं हेच होतं, त्यांच्या पुस्तकांतही होतं. पहिले ब्रायोझोआ मऊ असणार, चुन्याची खोली न बांधणारे, आणि मऊ अंगाचं दगडात काही उरत नाही. पण इतकं थोडक्यात त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुढे रिटायर होईपर्यंत त्या कॉलेजात ‘तंबूचा काळ’ शिकवत होत्या. पोरं परीक्षेत तेच लिहायची आणि तपासणारे बाहेरचे मास्तर हादरायचे.

हादरण्यात मीही मागे नव्हतो. एका रविवारी त्या मला बारवी धरणावर घेऊन गेल्या. पाण्यात बुडालेल्या एका फांदीला पारदर्शक, लिबलिबीत गोळा चिकटला होता, आत तपकिरी बियांसारखे ठिपके. “हे आजचे, गोड्या पाण्यातले. ह्यांना अजून चुन्याचं घर नाही. तंबूवाले.” मी म्हटलं, वा. मग डोक्यात उजेड पडला. “मॅडम, हे धरण आपल्या नळाचं ना?” “हो.” “म्हणजे जन्मापासून मी ह्यांच्या अंघोळीचं पाणी पितोय?” “ते तुमच्या अंघोळीपेक्षा स्वच्छ असतं,” मॅडम म्हणाल्या आणि गोळा माझ्या जेवणाच्या डब्यात भरला. तो डबा मी घरी नेऊन, जीव टिकावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवला आणि बायकोला सांगायचं विसरलो. संध्याकाळी सुनंदाने माझ्यासमोर बशी आणून ठेवली, वर दोन बदाम. “मॅडमनी जेली दिली वाटतं. थोडी पाणचट आहे, साखर घातली वरून.” चमचा माझ्या ओठांपर्यंत पोचला होता, मग त्यातली एक तपकिरी बी मला ओळखीची वाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या गंभीरपणे म्हणाल्या, “बदाम नको होते. बाकी हरकत नव्हती.”

त्यांचं एक वाक्य मात्र मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. ‘असावा’ हा शब्द त्यांना चालायचा नाही. मी एखादा दगड उचलून “हा कच्छचा असावा” म्हणालो की हातावर चापट बसायची. “असावा नाही. आहे, नाहीतर माहीत नाही. तिसरं काही बोलायचं नाही, फरशीवाले.” दगड कितीही सुंदर असो, तो कुठल्या गावच्या कुठल्या थरातून उचलला हे माहीत नसेल तर त्यांच्या विद्येत त्याची किंमत खडीएवढी. म्हणून त्यांच्या प्रत्येक दगडावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आणि ठिपक्यावर काळ्या शाईने आकडा असे. त्या आकड्याचं गाव वहीत. स्पितीच्या डोंगरातून विद्यार्थिनी असताना पाठीवर वाहून आणलेले अगदी जुने, कच्छचे, तमिळनाडूतल्या अरियालूरचे. आमच्या बदलापूरच्या काळ्या दगडात बघायला काही नाही, ज्वालामुखीचा माल, हे त्या जरा तुच्छतेनेच सांगायच्या. बाईंनी स्वतःच्या नखांना आयुष्यात पॉलिश लावलं नव्हतं, पण दुकानदार त्यांना पाहिलं की पांढरी बाटली काढून ठेवायचा. रिटायर व्हायच्या आत हा सगळा संग्रह एका विद्यापीठाच्या विभागाला द्यायचा ठरला होता. तिथले एक प्राध्यापक येऊन बघून जाणार होते. “मी गेल्यावर कुणाला तरी ह्यातला पहिला तंबूवाला सापडू दे,” एवढंच त्यांचं मागणं.

दोन हजार पाचच्या जुलैत नदी मॅडमच्या घरात शिरली. खिडकीच्या वरपर्यंत पाणी. मॅडम वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, वही पोटमाळ्यावर, दोघी सुखरूप. दगड कुठे वाहून जाणार, तेही जागच्या जागी, पण चिखलाच्या थराखाली. मॅडम ओल्या कपड्यांनिशी तापाने फणफणल्या, बहिणीकडे डोंबिवलीला गेल्या. जाताना चावी माझ्याकडे. “घर धुता आलं तर बघा.”

मी आणि आमचा किसन मिस्त्री, दोघांनी घर आरशासारखं केलं. मग दगडांकडे वळलो. चिखल वाळून घट्ट झालेला, ब्रशने निघेना. आता आम्हा टाइल्सवाल्यांकडे सगळ्या दुखण्यावर एकच औषध. लादीवर सिमेंट सांडलं, ॲसिड. डाग पडला, ॲसिड. किसन म्हणाला, “शेठच्या गोडाऊनमधून एक कॅन आणू का?” मी म्हटलं, “दोन आण. मॅडम परत आल्या की चकित झाल्या पाहिजेत.”

टबात पाणी, पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये दगड. सोडा फुटावा तसा फेस वर आला. किसन खूष झाला, “बघा, कसला मळ निघतोय.” आम्ही बाहेर जाऊन चहा प्यायलो. परत आलो तेव्हा फेस बसला होता आणि पाण्यावर पांढरे पापुद्रे तरंगत होते. एक उचलून पाहिला. नेलपॉलिशचा ठिपका होता. त्याच्यावर आकडा. दुसरा उचलला, त्याच्यावरही आकडा. टबभर आकडे तरंगत होते आणि खाली दगड गुळगुळीत, साबणाच्या वड्यांसारखे झालेले. बारीक फांद्या तर नव्हत्याच, विरघळून गेल्या होत्या. चुन्याच्या जिवांना मी ॲसिडची अंघोळ घातली होती. दुकानात रोज गिऱ्हाइकांना सांगत होतो मी, “ताई, मार्बलला ॲसिड लावू नका, मार्बल म्हणजे चुना.” रोज.

किसन म्हणाला, “आकडे परत चिकटवता येतील का?” आणि आम्ही दोघं खरोखरच थोडा वेळ तसं करून बघत होतो.

मॅडम आल्या तेव्हा मी दारातच सगळं सांगून टाकलं. त्या आत गेल्या, टबापाशी बसल्या, पापुद्र्यांची बशी एका हातात आणि एक दगड दुसऱ्या हातात. किसन भिंतीला चिकटून उभा. शेवटी त्या म्हणाल्या, “आता हेही कॅम्ब्रियनमध्ये गेले. होते, पण पुरावा नाही.” आणि माझ्याकडे न बघता, “चहा ठेवा, फरशीवाले. साखर तुम्ही घालू नका. तुम्ही काय घालाल भरवसा नाही.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठरल्याप्रमाणे प्राध्यापक आले. सज्जन माणूस. दगड हातात घेऊन फिरवून पाहिले. “वरचं रूप गेलंय, पण जुन्या जातींची ओळख आतूनच पटते. कापल्यावर आतल्या खोल्या शाबूत असतील. फक्त गाव कळायला हवं.” मग एक गोळा उचलून विचारलं, “मॅडम, हा स्पितीचाच ना? तुम्ही म्हणालात तर मी तसं लिहितो.”

मी किसनकडे पाहिलं, किसनने माझ्याकडे. एक ‘हो’ म्हणायचा होता. आयुष्यभराची कमाई एका होकारावर विद्यापीठात जात होती, आणि त्या गोळ्याबद्दल मॅडमना मनातून खात्री होती, त्यांच्या बोटांवरून कळत होतं. मी तर दाराआडून मान हलवून हो, हो करत होतो.

मॅडम म्हणाल्या, “माहीत नाही.”

प्राध्यापकांनी चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि रिकाम्या हाताने गेले. मला इतका धक्का बसला की मी त्यांना सोडायलाही उठलो नाही. “मॅडम, असं काय केलंत?”

“मी असावा म्हटलं असतं तर तुमच्या हातावर मारलेल्या चापट्या परत घ्याव्या लागल्या असत्या.”

पुढे महिनाभर दगड गोणीत पडून होते. मग एके दिवशी त्या स्वतःच दुकानात आल्या. “सेठजी, तुमचं कटिंग मशीन देता? निदान आतल्या खोल्या दिसू देत.” शेठला माझ्या पराक्रमाची वर्दी आधीच पोचलेली होती. त्याने मशीन दिलं, पॉलिशवाला दिला आणि वर मला दिलं, “ये बदलापूर भी ले जाओ, इसको ॲसिड के पास मत जाने देना.” किसनने गोळ्यांचे काप काढले, पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवले आणि मॅडमच्या हॉलमध्ये दारापासून खिडकीपर्यंत मोझॅकचा पट्टा घातला. पॉलिश झाल्यावर किसन पाणी मारायला गेला तर मॅडम म्हणाल्या, थांबा. पदर खोचून खाली बसल्या. त्या काय करणार हे आम्हाला माहीत होतं, आम्ही आदराने तोंड फिरवलं. “या, बघा आता,” त्यांनी हाक मारली. भिंगाखाली खोलीला खोली, भिंतीला भिंत, कोट्यवधी वर्षांपूर्वीची बॅरक. माझ्या ॲसिडला आत जाता आलं नव्हतं.

त्या दिवशी चहा पिताना त्यांनी एका चित्राची झेरॉक्स दाखवली. मऊ अंगाचे ब्रायोझोआ फार क्वचित सापडतात, ते कसे, ह्याचं चित्र. त्यांच्या वस्तीवर एखादा शिंपला वाढत चढतो. खालचे जीव गुदमरून मरतात, सडून जातात. पण शिंपल्याच्या पोटाला त्यांचा ठसा तसाच राहतो, खोलीसह, दारासह. “ज्याने मारलं त्यानेच सांभाळलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की नाही, आठवत नाही. मला मात्र चहा कडू लागला.

रिटायर झाल्यावर गुडघे बोलायला लागले, तेव्हा मॅडमनी फ्लॅट विकला आणि भाचीकडे नागपूरला गेल्या. पट्टा कुठे नेता येणार? जाताना मला म्हणाल्या, “अधूनमधून बघत जा.” मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. दुकान वाढलं होतं, व्हिट्रिफाइड टाइल्सची लाट आली होती, बदलापुरात रोज नवी बिल्डिंग. ऑर्डरी मी फोनवरच घ्यायचो, पत्ता गिऱ्हाईक परस्पर पोरांना सांगायचं. जुनी फरशी फोडायचा त्रास नको म्हणून लोक फरशीवर फरशी घालून घ्यायचे, आणि ही युक्ती मीच प्रत्येकाला मोठ्या अभिमानाने सांगायचो.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात नागपूरहून मॅडमचा फोन. आवाज बारीक झाला होता. “काय म्हणतोय माझा पट्टा?” मी म्हटलं, “एकदम मस्त, मॅडम.” तेवढ्यात किसन समोरून आत आला, घामाघूम. “भाऊ, ती नदीकडची ऑर्डर, फरशीवर फरशी. अहो, ते मॅडमचं घर निघालं. मी दुसऱ्या साइटवर होतो, पोरांनी सगळा हॉल झाकला. दाराजवळचा तुकडा तेवढा राहिलाय.”

मी फोनवर हात दाबला, पण उशिरा. पलीकडे मॅडमनी सगळं ऐकलं होतं. “ऑर्डर कुणी घेतली?”

“मी.”

नागपूरच्या बाजूने काहीतरी घरघरलं. मला वाटलं, फोन पडला, की मॅडमच पडल्या. मग त्या खोकत खोकत हसताहेत हे लक्षात आलं. “उखडली नाही ना?”

“नाही मॅडम. वरून घातली.”

“मग शिंपला बसला म्हणायचा, फरशीवाले. राहू द्या.” आणि थांबून, “ह्या वेळी पत्ता तेवढा लिहून ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनजवळच्या दुकानातून पांढरं नेलपॉलिश घेतलं. दुकानदाराने इतक्या वर्षांनी बाटली काढताना माझ्या नखांकडे पाहिलं. तिथून किसनला घेऊन मॅडमच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या, घरी गेलो. नवे मालक-मालकीण कौतुकाने चकाचक हॉल दाखवत होते. दाराजवळ एका लादीएवढी मोझॅक उघडी होती, सिमेंटच्या धुळीने पांढरी पडलेली. मी बसलो. पाणी मागता आलं असतं. पण तोवर जीभ लागलीही होती. धुळीखालून एक गोळा वर आला, खोलीला खोली, भिंतीला भिंत.

मान वर केली तर मालकीणबाई दोन पावलं मागे सरकल्या होत्या. “अहो,” त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या, “ह्यांना पाणी द्या.”

मी अर्धा ग्लास प्यायलो, अर्धा ओतला आणि त्यांना म्हटलं, “या, बघा.” दोघं वाकले. मग शेवटची लादी उलटी केली आणि तिच्या पाठीवर नेलपॉलिशच्या ब्रशने लिहिलं: खाली ब्रायोझोआ आहेत. गावं स्पिती, कच्छ, अरियालूर. कुठला कुठचा, माहीत नाही. ते माझ्यामुळे.

वाळू दिलं. मग किसनने लादी बसवली आणि रबरी हातोड्याने चारही कोपरे ठोकले.